ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रात्यक्षिकात रिलीज बिल्ड हवा

संपादक महोदय,

अभियांत्रिकीच्या ऑपरेटिंग सिस्टिम प्रात्यक्षिकांत राउंड रॉबिन, बँकर्स अल्गोरिदम यांचे छोटे सी प्रोग्रॅम वर्षानुवर्षे लिहून घेतले जातात. ते राहू द्यावेत; पण एकदा तरी अख्खी सिस्टिम सोर्सपासून (मूळ कोडपासून) बिल्ड, म्हणजे चालवण्याजोगी तयार, करायला लावावी. फ्रीबीएसडी ही युनिक्स घराण्यातली मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम यासाठी सोयीची. लिनक्समध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) एकाचा, सी लायब्ररी दुसऱ्याची आणि मोट बांधणारे डिस्ट्रिब्युशन तिसरेच. फ्रीबीएसडीत हे सगळे एकाच गिट भांडारात (कोडच्या साठ्यात), एकाच मेकफाइलखाली (बिल्डच्या सूचनांच्या फाइलखाली) नांदते.

मुख्य शाखा रोज बदलते, म्हणून रिलीजची (प्रसिद्ध आवृत्तीची) शाखाच उतरवावी. मग ‘मेक बिल्डवर्ल्ड’ (कर्नल सोडून बाकीची सिस्टिम), ‘मेक बिल्डकर्नल’, आणि शेवटी ‘रिलीज’ डिरेक्टरीत रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) म्हणून ‘मेक रिलीज’. पहिले दोन टप्पे झाल्याशिवाय तिसरा चालत नाही. हाती येतात त्या बेस व कर्नलच्या संकुचित फाइली, आयएसओ, पेनड्राइव्हसाठीची इमेज आणि मॅनिफेस्ट, म्हणजे या फाइलींची चेकसमसह (पडताळणीच्या आकड्यांसह) यादी. बेसची फाइल नंतर हाताने बदलली आणि मॅनिफेस्टमधला चेकसम जुनाच राहिला, तर इन्स्टॉलर ती नाकारतो. डिस्कवर ५० जीबी मोकळी ठेवली की जागेची चिंता उरत नाही.

सर्वाधिक वेळ खातो तो क्लँग कंपायलर (कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम), कारण तोही सिस्टिमचाच भाग. इथेच मुले अडतात. ‘जे’ पर्यायाचा (एकाच वेळी किती कामे चालवायची याचा) आकडा कोअर मोजून नव्हे, रॅम पाहून द्यावा. ८ जीबीच्या मशीनवर ‘जे १६’ दिले, तर मेमरी संपून कर्नल कंपायलरलाच मारतो आणि सोर्समध्ये चूक असल्याचा भास होतो. शिवाय समांतर बिल्डमध्ये खरी चूक लॉगच्या तळाशी नसते; एक काम फसले तरी बाकीची काही वेळ चालूच राहतात. त्यामुळे आउटपुट फाइलमध्ये साठवून त्यातला पहिला ‘एरर’ शोधावा, शेवटचा नव्हे.

दुसरा सापळा ‘मेक.कॉन्फ’ या बिल्डच्या सेटिंग्जच्या फाइलीचा. तिथे ‘सीपीयूटाइप’ला ‘नेटिव्ह’ (याच मशीनच्या प्रोसेसरसाठी) लिहिलेले असेल, तर बिल्ड बिनबोभाट पार पडतो. पण तीच इमेज लॅबमधल्या जुन्या पीसीवर ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणत कोसळते. ‘रिलीज.एसएच’ ही स्क्रिप्ट स्वच्छ क्रूटमध्ये (बाकी सिस्टिमपासून तोडलेल्या डिरेक्टरीत) बिल्ड करते आणि होस्टचे (बिल्ड करणाऱ्या मशीनचे) हे कॉन्फिगरेशन आत शिरू देत नाही. दुसऱ्यांना वाटायची इमेज तिनेच करावी.

तयार सिस्टिम चालू मशीनवर चढवताना क्रम मोडू नये: आधी नवा कर्नल, रीबूट, मगच ‘इन्स्टॉलवर्ल्ड’. उलट केले की नव्या कमांड्स जुन्या कर्नलकडे त्याला ठाऊक नसलेले सिस्टिम कॉल मागतात आणि ‘बॅड सिस्टिम कॉल’ म्हणून मरतात. जुन्या लायब्रऱ्या पुसणाऱ्या ‘डिलीट-ओल्ड-लिब्स’ला तर घाई नकोच; त्यांच्यावर विसंबलेली पॅकेजेस आधी नव्याने बसवावीत.

गुण देण्याची पद्धतही सोपी आहे. दोन गटांना एकच कमिट (सोर्सची नेमकी नोंदलेली स्थिती) द्यावे, सोर्सची डिरेक्टरी त्याच नावाची ठेवायला सांगावी आणि ‘रिप्रोड्युसिबल बिल्ड’ (त्याच सोर्समधून तंतोतंत तीच फाइल मिळावी यासाठीची सेटिंग) चालू करून दोन्ही कर्नलचे एसएचए-२५६ चेकसम ताडावेत. ती सेटिंग बंद असली, तर बिल्ड करणाऱ्याचे नाव, मशीन आणि वेळ कर्नलमध्ये जाऊन बसते. मग चेकसम जुळणारच नाहीत. सेटिंग चालू असूनही जुळले नाहीत, तर तोंडी परीक्षेचा पहिला प्रश्न तोच विचारावा.

— एक सिस्टिम प्रशासक, पुणे