रग म्हणजे राग नव्हे

कराड,
रविवार

चि. संग्राम यास,
अनेक आशीर्वाद.

ऑफिसात तू कुणाबद्दल 'पोरात रग आहे' म्हणालास आणि समोरच्यांनी 'राग' ऐकलं, हे वाचून हसलो. राग संस्कृतातला. रग फारसीतून आलेली, मूळ अर्थ शीर, नाडी. 'रगारगांत भिनलंय' म्हणतो ती हीच. आपल्याकडं मात्र ती शिरेतून निघून अंगभर पसरली.

ताकद ओझं उचलताना दिसते, दम कुस्ती लांबली की कळतो. रग अंगात आधीपासूनच सळसळत असते, कुणाशी भिडू म्हणते. म्हणून खिलार खोंड रगेल. म्हातारा बैल कितीही ओढू दे, त्याला रगेल कोण म्हणतंय?

शब्दात कौतुक आहे, तशी तक्रारही. भांडणात 'तुझी रग जिरवतो' ही सरळ धमकी. तालमीत वस्ताद नव्या पोराची रग जोर-बैठकांनी जिरवतात, ती त्याच्या भल्यासाठी. साहेबाला कौतुकानंसुद्धा रगेल म्हणू नकोस, आणि बायकांबद्दल तर नकोच. तिथं लोक भलताच अर्थ काढतात.

मला खरी गंमत वाटते ती पुढची. बैठका जास्त झाल्या की मांड्यांना 'रग लागते'. अंगातली उसळी आणि अंगातली कळ, दोन्हीला नाव एकच! आपल्या शेजारच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये फ्रीस्टाइल कुस्तीत कांस्यपदक घेऊन आले. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. तिथं एक लांबलेली कुस्ती संपते न संपते तोच त्यांना पुरती विश्रांती न देता दुसरीला उतरवलं, असं सांगतात. भांडून वेळ मागायला आपला अधिकारीही जवळ नव्हता म्हणे. रग होतीच, पण तोवर अंगाला रग लागलेली. ती कुस्ती गेली. नुसत्या 'थकवा' या शब्दात हे बसत नाही, निदान माझ्या कानाला तरी.

तू जिमला जातोस म्हणे. पहिले काही दिवस दंड उचलवणार नाहीत, तेव्हा आईला फोन करून काय झालंय ते आपल्या भाषेत सांग. 'मसल पेन' म्हणालास की ती लगेच डॉक्टरचं नाव काढते. शेंगदाण्याची चटणी पुण्याला येणाऱ्या कुणाच्या तरी हाती पाठवतो. डबा मात्र परत दे.

तुझे,
आबा