समुद्रकिनाऱ्यावर पाळीव कुत्र्यांसाठी लेखी नियम हवेत

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

सुट्ट्या लागल्या की कोल्हापूरच्या गाड्या आंबा, फोंडा आणि गगनबावड्याच्या घाटांनी कोकणात उतरू लागतात. अलीकडे त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत मुलांच्या शेजारी घरातला कुत्राही बसलेला दिसतो. कारवान आणि मुधोळ जातीची कुत्री सांभाळण्याची हौस आपल्या भागात जुनीच आहे. आता त्यांच्या जोडीला लॅब्रॅडॉर आणि पग आले, आणि घरचे सगळे समुद्रावर जाणार म्हटल्यावर त्याला एकट्याला मागे ठेवणे कुणाच्या जिवावर येत असेल तर त्यात नवल नाही. प्रश्न त्यापुढचा आहे. या कुत्र्याला कोणत्या किनाऱ्यावर उतरवावे, कोणत्या वेळी, मोकळे सोडावे की पट्ट्याला धरून ठेवावे, याचे उत्तर देणारा फलक रत्नागिरी वा सिंधुदुर्गातील एकाही किनाऱ्यावर माझ्या पाहण्यात आलेला नाही.

त्यामुळे समोर कोण उभे आहे त्यावर नियम ठरतो. दूरध्वनीवर ‘खुशाल आणा’ म्हणणाऱ्या एका निवासाच्या मालकांनी आमची गाडी दारात थांबल्यावर, शेजारच्या खोलीतील पाहुण्यांची हरकत आहे, असे सांगून हात वर केले. त्याच गावात थोड्याच अंतरावरील घरात मात्र आमच्याआधी कुत्र्याला भाताची ताटली मिळाली. ‘इथे कुत्रा चालतो’ अशी ज्या किनाऱ्यांची ख्याती सांगितली जाते, तिचा अर्थ पुष्कळदा एवढाच असतो की तिथे आजवर कुणी अडवलेले नाही. सगळे किनारे कुत्र्यांना खुले करावेत, अशी मागणी मी मुळीच करत नाही. कुठे आणि कधी चालेल हे लिहून जाहीर करावे, आणि काही किनारे काही महिन्यांपुरते पूर्णपणे वगळावेत, एवढेच माझे म्हणणे आहे.

वगळण्याचे पहिले कारण कासवे. आपल्या पर्यटनाचा हंगाम आणि ऑलिव्ह रिडले कासवांच्या विणीचा हंगाम नेमका एकच आहे. थंडीच्या दिवसांत मादी रात्री भरतीरेषेच्या वर येते, वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते आणि वाळू लोटून समुद्रात परत जाते. पिले बाहेर पडायला साधारण ४५ ते ६० दिवस लागतात. वेळास, आंजर्ले, गुहागर, गावखडी, वायंगणी, तांबळडेग अशा गावांत कासवमित्र पहाटे उठून मादीच्या पावलांचा माग काढतात आणि सापडलेली अंडी जाळीच्या कुंपणात हलवतात. वेळासला सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने हे काम २००२ मध्ये सुरू केले. तिथे कोल्ह्यांबरोबर कुत्र्यांपासूनही घरटी राखावी लागतात, कारण वाळूखालच्या अंड्यांचा वास माणसाला येत नसला तरी कुत्र्याला येतो. आपला कुत्रा घरी कितीही शहाण्यासारखा वागत असला, तरी नाकाला तो वास लागल्यावर त्याचे पुढचे पाय उकरायला लागणारच. या कासवाला वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. तेव्हा ‘आमच्या कुत्र्याने गंमत म्हणून वाळू उकरली’ ही सबब वनखात्यापुढे टिकायची नाही, आणि टिकूही नये.

हिवाळ्यात किनाऱ्यावर उतरणाऱ्या कुरव आणि चिखल्या पक्ष्यांच्या थव्यांचेही तेच. कुत्रा धावत गेला की थवा उडतो, फेरी मारतो, पुन्हा बसतो. आपण त्याचे चित्रीकरण करून नातेवाइकांना पाठवतो. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याची चरण्याची वेळ आपण मोडली, हे त्या चित्रफितीत दिसत नाही.

दुसरे कारण किनाऱ्यावर राबणारी माणसे. आपण सुट्टीवर जातो तिथे कुणाचे तरी कामाचे ठिकाण असते, हे आपल्याला फार लवकर विसरायला होते. मालवण-वेंगुर्ल्याकडे रापण (किनाऱ्यावरून खेचायचे लांब जाळे) ओढली जाते, तेव्हा दोन्ही बाजूंनी माणसे दोर खेचत असतात आणि जाळे वाळूवर येता येता त्यात बांगडे-तारल्यांची तडफड सुरू होते. अशा वेळी मोकळा कुत्रा जाळ्यात घुसला तर मासळी तुडवली जाते, जाळे फाटते आणि एखाद्या वेळी कुत्र्याचा पायही दोरात अडकतो. याहून नाजूक गोष्ट सुक्या मासळीची. वाळूवर जुने जाळे अंथरून त्यावर जवळा पसरलेला असतो, काठीवर दोरी ताणून बोंबील टांगलेले असतात, आणि आपल्या कुत्र्याला पाय वर करायला नेमकी तीच काठी सापडते. ‘दादानू, कुत्र्याक जरा धरून ठेवा,’ असे एका बाईंनी मला अगदी शांतपणे सांगितले होते. त्यांच्या जागी मी असतो तर माझा आवाज नक्की चढला असता.

आता कुत्र्याच्याच जिवाची गोष्ट, कारण रंकाळ्यावर फिरणाऱ्या कुत्र्याला समुद्र ठाऊक नसतो आणि पुष्कळदा त्याच्या मालकालाही नसतो. रापणीत आलेला केंड मासा कोळी खात नाहीत; तो वाळूवरच फेकून दिला जातो. फुगलेला, काटेरी, चेंडूसारखा दिसणारा हा मासा कुत्र्याला खेळणे वाटतो. त्याच्या यकृतात, अंडाशयात आणि काही जातींच्या कातडीतही टेट्रोडोटॉक्सिन हे विष असते. मासा उन्हात सुकल्याने किंवा शिजवल्याने ते जात नाही आणि त्यावर उतारा उपलब्ध नाही. तोंडात धरलेला मासा सोडून देण्याची आज्ञा ज्या कुत्र्याला येत नाही, त्याला किनाऱ्यावर मोकळे सोडू नये, हे माझे स्पष्ट मत आहे. शिंगाळा माशाचा काटा तळव्यात मोडणे, वाहून आलेल्या जेलीफिशला नाक लावणे, तहान लागली म्हणून खारे पाणी पिणे, हे प्रकारही नेहमीचे आहेत. दोन-चार घोट खाऱ्या पाण्याने उलटी आणि हगवण होते; पाणी जास्त पोटात गेले तर रक्तातील सोडियम वाढून कुत्रा झोकांड्या खातो, त्याला झटकेही येऊ शकतात. म्हणून गोड्या पाण्याची बाटली आणि वाडगे सोबत हवेच. दुपारच्या वाळूवर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला ते सोसत नसेल तर त्याच्या तळव्यांनाही सोसणार नाही. चपट्या नाकाच्या पगला तर उन्हात समुद्रावर नेऊच नये.

किनाऱ्यावरच्या भटक्या कुत्र्यांचा मुद्दा मी थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र पत्राचा विषय आहे. त्यांची हद्द ठरलेली असते आणि पाहुणा कुत्रा दिसला की टोळीच धावून येते. रेबीजची लस वेळेवर दिलेली असणे आणि तिची नोंदवही गाडीत असणे, ही इथे औपचारिकता उरत नाही.

विष्ठा उचलण्याबाबत आपण कोल्हापूरकर रंकाळ्याच्या काठावरही फारसे नाव काढण्यासारखे वागत नाही, हे कबूल करायला हवे. वाळूत मात्र ही हयगय अधिक महाग पडते. कुत्र्याच्या विष्ठेतून पडलेल्या अंकुशकृमीच्या अंड्यांतून दमट, सावलीच्या वाळूत अळ्या तयार होतात, आणि त्या अनवाणी चालणाऱ्या माणसाच्या कातडीत शिरतात. मग पायावर नागमोडी, खाजणारी लाल रेघ उमटते. वाळूत किल्ले करत बसलेल्या मुलांना हा धोका सर्वांत जास्त असतो. भरती येऊन सगळे धुऊन नेईल, या भरवशावर राहणे बरोबर नाही, कारण सुरूच्या बनालगतच्या कोरड्या पट्ट्यापर्यंत रोजची भरती पोचत नाही, आणि आपण कुत्र्याला आडोसा म्हणून नेतो ते तिथेच.

इतर देशांनी या प्रश्नातून काढलेली वाट फारशी अवघड नाही. ब्रिटनमधील अनेक किनाऱ्यांवर मे ते सप्टेंबर या गर्दीच्या महिन्यांत कुत्र्यांना बंदी असते आणि उरलेल्या महिन्यांत ते खुले असतात. अमेरिकेत सॅन डिएगो येथे १९७२ पासून किनाऱ्याचा एक तुकडा मोकळ्या कुत्र्यांसाठी राखून ठेवलेला आहे. आपल्या देशातील आठ किनाऱ्यांना २०२० मध्ये ब्लू फ्लॅग हे स्वच्छ व सुरक्षित किनाऱ्यांना दिले जाणारे आंतरराष्ट्रीय मानांकन मिळाले, त्यांत शेजारच्या कर्नाटकातील कासरकोड आणि पडुबिद्री आहेत. या मानांकनाच्या निकषांतही किनाऱ्यावरील कुत्र्यांच्या वावरावर कडक नियंत्रण असावे, अशी अट आहे. कोकणातील किनाऱ्यांना असा दर्जा हवा असेल, तर हा विषय आज ना उद्या हाताळावाच लागेल.

माझी सूचना अशी की किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींनी वनविभागाच्या कांदळवन कक्षाशी आणि गावातील मच्छीमारांशी बोलून आपापल्या किनाऱ्याचा एक पट्टा ठरवावा. जिथे कासवे येतात तिथे नोव्हेंबरपासून मेअखेरपर्यंत कुत्र्यांना पूर्ण मज्जाव असावा. इतरत्र सकाळी आठपर्यंत आणि सायंकाळी पाचनंतर, पट्ट्याला धरून, रापणीपासून व मासळीच्या वाळवणापासून दूर, अशी मुभा द्यावी. विष्ठा न उचलणाऱ्याकडून दंड घ्यावा आणि त्याची पावती द्यावी. रत्नागिरीजवळचा भाट्ये किनारा लांबलचक आहे, पाठीशी सुरूचे बन आहे. तेथील एखादा टोकाचा भाग प्रयोगादाखल निवडता येईल का, याचा विचार स्थानिकांनी करावा. गणपतीपुळे किंवा कुणकेश्वर येथे मात्र, मंदिर किनाऱ्यालाच लागून असल्याने आणि भाविकांची सतत वर्दळ असल्याने, असा आग्रह कुणी धरू नये.

जाता जाता घाटाविषयी. फोंड्याकडे जाताना दाजीपूरच्या जंगलालगत गाडी थांबवून कुत्र्याला ‘पाय मोकळे करायला’ सोडणारे लोक मी पाहिले आहेत. हा राधानगरी अभयारण्याचा परिसर आहे. इथे गवे आहेत, आणि पाळीव कुत्र्यांमधील डिस्टेंपरसारखे रोग जंगली जनावरांपर्यंत पोचू शकतात. थांबायचेच असेल तर राधानगरी गावात थांबावे, किंवा घाट उतरल्यावर फोंड्यात. तोवर कुत्रा गाडीतच बरा.

आपला,
एक श्वानपालक वाचक,
रंकाळा परिसर, कोल्हापूर