अंगठा बदलून मिळत नाही, मंत्रिमहोदय

मा. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,
स. न. वि. वि.

'ओटीपी कोणाला सांगू नका' हे आता पोरासोरांनाही पाठ झाले आहे. पण ज्या चोरीत ओटीपी लागतच नाही, तिच्याबद्दल तुमचे खाते एवढे गप्प का?

आधार जोडलेल्या खात्यातून मायक्रो एटीएमवर, म्हणजे बँक प्रतिनिधीकडच्या ठसा घेणाऱ्या छोट्या यंत्रावर, पैसे काढायला तीन गोष्टी पुरतात: आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोट. ना कार्ड, ना पिन. क्रमांक झेरॉक्सवर मिळतो, बँक अंदाजाने जुळते. आणि बोट? खरेदीखतावरचे ठसे सरकारी संकेतस्थळावरून उतरवून त्यांच्या नकला केल्याची प्रकरणे तेलंगण आणि हरियाणात पोलिसांनीच उघडकीस आणली. खत नोंदवताना अंगठा सरकारने घेतला, तो उघड्यावर सरकारने ठेवला आणि खाते रिकामे झाले ते म्हातारीचे.

२७ मे २०२२ रोजी आधार प्राधिकरणाच्या बंगळूर कार्यालयाने बजावले होते, की आधारची झेरॉक्स कोणालाही देऊ नका, शेवटचे चारच आकडे दिसणारे मास्क्ड आधार द्या. सल्ला अगदी बरोबर होता. २९ मे रोजी तुमच्याच मंत्रालयाने तो मागे घेतला. कारण काय, तर लोक चुकीचा अर्थ काढतील! आजही मास्क्ड प्रत पुढे केली की खिडकीवरून 'पूर्ण नंबरवाली आणा' असे ऐकू येते. त्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यांचे पुढे काय होते, हे कोण तपासतो? 'केवायसी संपली' म्हणणाऱ्या भामट्याला आपले नाव, पत्ता, आधारचे शेवटचे आकडे आधीच ठाऊक असतात, म्हणून तर माणूस फसतो. त्याने पाठवलेली लिंक हा शेवटचा घाव. चोरी आधीच झालेली असते.

उपाय आहे, हे मान्य. 'माय आधार' पोर्टलवर ओटीपीने शिरून बायोमेट्रिक लॉक करता येते, म्हणजे आपल्या ठशांना कुलूप लावता येते. गरज पडली तर ते तात्पुरते दहा मिनिटे उघडते आणि आपोआप पुन्हा बंद होते. तिथेच मागच्या सहा महिन्यांत आपले आधार कधी कधी पडताळले गेले, तेही दिसते. अनोळखी नोंद दिसली की ताबडतोब कुलूप लावावे. पण मोबाइल नंबर आधारला जोडलेला नसेल, तर यातले काहीच करता येत नाही. रेशनला अंगठा लागतो, पेन्शनला अंगठा लागतो. कुलूप लावले की रेशनच्या मशीनवर बोट चालत नाही, आणि ऑनलाइन उघडायला आधारला जोडलेला मोबाइल हवा. म्हणजे ज्याला कुलपाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच ते लावता येत नाही. अशी व्यवस्था उभारायची आणि वर लोकांना 'सावध राहा' सांगायचे, याचा मनस्वी संताप येतो.

पैसे गेल्यावरची गत आणखी वाईट. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ठरवून दिले होते, की चूक ना ग्राहकाची ना बँकेची असेल आणि ग्राहकाने तीन कामकाजी दिवसांत कळवले, तर त्याच्यावर एक रुपयाचाही भार नाही. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम खात्यावर तात्पुरती जमा दाखवायची. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करायची तर ती बँकेने करायची. आणि हे तीन दिवस व्यवहाराच्या तारखेपासून नव्हे, तर बँकेची सूचना मिळाल्यापासून मोजायचे. ज्याला एसएमएस येतच नाही, त्याला पासबुक छापल्यावरच कळणार ना? तरीही त्याला 'उशीर झाला' म्हणून परत पाठवतात. म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करून तक्रार क्रमांक घ्यावा, बँकेला लेखी अर्ज द्यावा आणि पोचवर तारीख-शिक्का मागावा. तोंडी तक्रार पुढे कोणी ओळखत नाही.

मागण्या चारच आहेत. ग्राहकाने लेखी मागितल्याशिवाय अंगठ्याने पैसे काढण्याची सोय सुरू करू नका. रेशनचे आणि बँकेचे कुलूप वेगवेगळे करा. संकेतस्थळांवरच्या दस्तांवरचे ठसे झाका. मास्क्ड आधार नाकारणाऱ्या कार्यालयाला दंड करा. पासवर्ड चोरीला गेला तर तो पाच मिनिटांत बदलता येतो. हरियाणातल्या त्या खातेदारांनी कोणते बोट बदलायचे, याचे उत्तर लेखी द्यावे.

आपला,
एक आधारधारक