नकाशावाल्या ताईंना पत्र

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव या पत्रात घालत नाही. 'माझं नाव कुठे नको, गुरुजी,' असं तुम्ही दोनदा बजावलं होतंत. आणि वाडीत तुम्हाला नावाने ओळखतं कोण? इथे तुम्ही नकाशावाल्या ताई. त्याच नावाने लिहितोय, आणि चारचौघांत लिहितोय, कारण हे आभार माझ्या एकट्याचे नाहीत.

२२ जुलै २०२१ ला महाड तालुक्यातलं तळीये दरडीखाली गेलं. ऐंशीहून जास्त माणसं. तेव्हापासून पावसाने जोर धरला की आमची म्हातारी माणसं रात्री उठून ओटीवर येऊन बसायची. अंधारात डोंगर दिसत नाही, पण कान तिकडे. २००५ साली अशाच दरडींखाली सापडलेली जुई, दासगाव, रोहन, कोंडिवते ही गावं त्यांच्या मनातून मुळात गेलेलीच नव्हती. दर जूनमध्ये शाळेच्या भिंतीवर एक नोटीस डकवली जायची: क्षेत्र दरडप्रवण आहे, सुरक्षित ठिकाणी स्थलांतर करावे. सुरक्षित ठिकाण कुठलं, ते त्या कागदावर एकदाही लिहिलेलं नव्हतं.

तुम्ही २०२३ च्या मार्चमध्ये आलात. तिसरी-चौथीच्या वर्गात जमिनीवर नकाशा पसरलात आणि लोक भोवती बसले. लाल, पिवळा, हिरवा. एका आजोबांनी विचारलं, 'यात माझं घर कुठंय?' तुम्ही पेन्सिलीचं टोक टेकवलंत आणि म्हणालात, 'आजोबा, या टोकाखाली तुमची अख्खी वाडी आली.' मग समजावलंत. एकास पन्नास हजारचा नकाशा, म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर पाचशे मीटर. कुठल्या तालुक्यात, कुठल्या डोंगररांगेत जास्त लक्ष घालायचं ते यावरून ठरतं. कुणाच्या घरामागचा उतार धोक्याचा, ते यावरून ठरत नाही. 'घराचा नकाशा पायांनी करावा लागेल, आणि तुम्ही बरोबर आलात तरच होईल.'

ताई, आमच्याकडे याआधी जे जे आले ते सांगायला आले. विचारायला आलेल्या तुम्ही पहिल्या.

चार दिवस तुम्ही वरकस जमिनीतून, कारवीतून चढउतार केलीत. कुठला झरा शिमग्याला आटतो, कुठला वैशाखातही वाहतो? कुणाच्या घराचं दार चौकटीत अडकायला लागलंय, आणि कधीपासून? विजेचा खांब आधीपासूनच कललेला होता का? शेळ्या राखणाऱ्या पोरांना तुम्ही मोठ्यांच्याही आधी विचारलंत, कारण भेगा त्यांच्या पायाखाली येतात. वरच्या आळीतल्या आजींनी सांगितलं की मोठ्या ऐनाच्या बुंध्याशी पावसाचं पाणी जमिनीत शिरतं आणि शाळेच्या मागे वर येतं. त्यांच्या सासूने त्यांना सांगितलेली गोष्ट. तुम्ही ती हसण्यावारी नेली नाहीत. ऐनापाशी गेलात, जागा यंत्रावर नोंदवलीत, मग शाळेमागच्या कपारीत हात घालून दाखवलंत: वर काळा कातळ, खाली काळा कातळ आणि मध्ये वीटकरी रंगाचा मऊ थर. पाणी कातळाच्या चिरांतून उतरतं, या लाल थरावर अडतं आणि आडवं वाहून बाहेर पडतं. वरची भिजलेली माती घसरते ती अशाच ओल्या थरांवरून. तेवीस वर्षं मी त्या कपारीसमोर प्रार्थना घेत आलोय. तो थर मी रोज बघत होतो.

मग त्याच वर्षी १९ जुलैच्या रात्री इर्शाळवाडी दरडीखाली गेली. सत्तावीस मृतदेह मिळाले, सत्तावन्न माणसांचा शोध तसाच थांबवावा लागला. दुसऱ्या दिवशी तुमचा फोन आला. बराच वेळ तुम्ही बोललाच नाहीत. मग एवढंच म्हणालात, 'यादीत नव्हती, गुरुजी.' दरडप्रवण गावांच्या यादीत इर्शाळवाडीचं नाव नव्हतं, ही गोष्ट पुढे विधानसभेतही सांगितली गेली. त्या फोनवर मला तुमचं काम पहिल्यांदा नीट कळलं असं वाटतं. ज्याचं नाव यादीत नाही त्याचं काय, हा प्रश्न घेऊन तुम्ही आमच्याकडे आला होतात.

दिवाळीनंतर तुम्ही तो पत्र्याचा कोपरा घेऊन आलात. तीन तिकोनी पत्रे एकमेकांना काटकोनात जोडलेले, खाली सिमेंटचा ओटा. पोरांना वाटलं डिश अँटेना. तुम्ही समजावलंत: उपग्रह सातशे किलोमीटरवरून जातो, खाली रडारची लाट सोडतो, ती या कोपऱ्यात तीनदा आपटून आली तशी परत जाते, म्हणून उपग्रहाच्या चित्रात ही जागा चमकते. बारा दिवसांनी तो पुन्हा त्याच वाटेने येतो. लाटेची लांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. परत आलेली लाट मागच्या वेळेपेक्षा किती पुढेमागे झाली ते मोजलं, की जमीन काही मिलिमीटर हलली तरी कळतं. पण त्या लाटेत बाकीचंही मिसळलेलं असतं: हवेतली वाफ, हलणारी पानं, भिजलेलं गवत. ते वेगळं काढायचं हेच तुमचं खरं काम.

सातवीच्या एका मुलीने विचारलं, 'एवढ्या गोंधळात कळतं कसं?' तुम्ही तिलाच उलटं विचारलंत: 'पत्र्यावर धो धो पाऊस वाजतोय आणि गोठ्यात तुझी गाय हंबरली, तर तुला ऐकू येतं ना? पाहुण्याला येत नाही. का?' ती म्हणाली, 'मला तिचा आवाज ठाऊक आहे.' तुम्ही म्हणालात, 'मी तेच करते. डोंगराचा आवाज ओळखीचा होईपर्यंत ऐकत बसते.' संकेत आणि गोंगाट हा धडा मी आता दर वर्षी असाच शिकवतो.

आणि त्याच दिवशी तुम्ही जे कबूल केलंत, त्यासाठी हे पत्र. आमचा उतार उत्तरेकडे पडतो. उपग्रह उत्तर-दक्षिण जातो आणि बाजूला तिरकं बघतो, त्यामुळे जमीन त्याच्या दिशेने सरकली किंवा खाली खचली तर त्याला दिसतं. सरळ उत्तरेकडे घसरली तर जवळजवळ दिसत नाही. पावसाळ्यात झाडोरा माजला की आजूबाजूच्या जमिनीची खूणही लागत नाही. हे तुम्ही सगळ्या वाडीसमोर सांगितलंत. 'या कोपऱ्याच्या भरवशावर झोपू नका. जे त्याला दिसत नाही ते तुम्हाला बघायचंय.' एवढं महागाचं काम घेऊन आलेलं माणूस त्यातलं उणं आपल्या तोंडाने सांगतं, हे आम्ही प्रथमच पाहिलं.

मग भेगेच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोकल्या, शाळेच्या अंगणात पर्जन्यमापक बसला, वही सुरू झाली. 'किती मिलिमीटर पडला की निघायचं?' असं सरपंच विचारत होते आणि तुम्ही एकच आकडा द्यायला तयार नव्हतात. आधीचे तीन दिवस डोंगर किती प्यायलाय ते बघा. झरा गढूळ झाला किंवा एकाएकी थांबला का बघा. खुंट्यांमधलं अंतर वाढलं का बघा. तिन्हीपैकी दोन झालं तर कुणाच्या फोनची वाट बघायची नाही.

२०२४ च्या जुलैमध्ये दोन झालं. पाऊस लागून राहिला होता, आणि शाळेमागचं पाणी सकाळी चहासारखं लाल आलं. दुपारपर्यंत एकतीस घरं खाली सभामंडपात उतरली. चार रात्री तिथे काढल्या आणि काहीही झालं नाही. डोंगर जागचा हलला नाही. ऐन लावणीचे दिवस, आवण खाचरात पिवळं पडत होतं, मजुरी बुडत होती. पाचव्या दिवशी लोक माझ्यावर चिडलेले होते, आणि त्यांचं चुकत नव्हतं.

तुम्ही त्या दिवशी आलात. एसटी घाटात अडकली म्हणून शेवटचे तीन किलोमीटर चालत. भिजलेल्या कपड्यांनी सभामंडपात बसलात आणि ज्यांची मजुरी बुडाली त्यांचं आधी ऐकून घेतलंत. मग म्हणालात, 'मी खोटं सांगणार नाही. असं पुन्हा होईल. दहा वेळा उतराल, त्यातल्या कितीतरी वेळा काही होणार नाही. तरी मी उतराच म्हणेन.' कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण दुसऱ्या दिवशी तुम्ही स्वतः पायजमा दुमडून आमच्या खाचरात लावणीला उभ्या राहिलात, संध्याकाळपर्यंत. तुमच्या ओळी वाकड्या होत्या. त्या बायांनी तशाच ठेवल्या, उपटून नीट केल्या नाहीत. पुढच्या पावसाळ्यात दोनदा उतरायची वेळ आली. दोन्ही वेळा मला कुणाच्या दारात जाऊन विनवावं लागलं नाही.

३० जुलै २०२५ ला संध्याकाळी पोरांना शाळेत थांबवून घेतलं होतं. पाच चाळीसला श्रीहरिकोट्याहून निसार हा नवा रडार उपग्रह उडाला तो मोबाइलवर बघितला. त्याची एक लाट चोवीस सेंटिमीटरची, पानांतून बरीच खाली उतरणारी, हे तुम्ही सांगितलेलं सगळ्यांना पाठ होतं. आणि तारीख कुणाला सांगावी लागली नाही. २०१४ मध्ये याच तारखेला सकाळी माळीण गाव दरडीखाली गेलं होतं, एकशे एक्कावन्न माणसांसह. एसटीच्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्यांना कळलं. मुलांनी आधी दोन मिनिटं उभं राहून घेतलं, मग यान बघितलं.

ताई, तुमच्या कोपऱ्याच्या तळाशी पाणी जायला ठेवलेलं भोक पानांनी बुजतं. ते साफ करण्याची पाळी दर शनिवारी लावली आहे. पत्र्याला हात न लावता, काडीने, तुम्ही शिकवलंत तसं. खुंट्यांचं अंतर पावसाळा संपल्यापासून वाढलेलं नाही. पहिली वही भरली, तिच्या सगळ्या पानांचे फोटो वेगळे पाठवतो. अक्षर पोरांचं आहे, काही आकडे खोडलेले दिसतील, ते खोडलेलेही वाचा. नाचणी झोडून झाली आहे. वरच्या आळीतल्या आजी विचारत होत्या, ताई भाकरीला कधी येणार.

आपला,
वाडीच्या शाळेतला गुरुजी