ऑगस्टमधला क्वार्टरबॅक वाचायला शिकवणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, प्रीसीझन (हंगामाआधीचे, ऑगस्टमधले) सामने पाहताना भरायचा तुमचा सात रकान्यांचा तक्ता आता न्यू जर्सीपासून पुण्यापर्यंत बऱ्याच मराठी घरांत पोचला आहे. हायस्कूल संघासाठी फिल्म पाहून नोंदी ठेवण्याचं काम तुम्ही हौसेनं केलंत, आणि त्यातलं सार आम्हाला मराठीत, एका पानात, कसलाही मोबदला न घेता दिलंत. म्हणून आभार जाहीरपणे मानतो आहोत. तक्ता नव्यानं हाती घेणाऱ्यांनाही तो नीट वापरता यावा, यासाठी तो कसा भरायचा तेही इथेच लिहितो.

सगळ्यात मोठं ऋण रकान्यांच्या क्रमाचं. पास पूर्ण झाला का, किती यार्ड मिळाले, हा निकालाचा रकाना तुम्ही शेवटी, सातवा ठेवलात. आधीचे सहा भरल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, हा तुमचा दंडक. नवख्या क्वार्टरबॅकबद्दल (पास टाकणारा, आक्रमणाचा सूत्रधार) ऑगस्टमध्ये बनणारी चुकीची मतं बहुतेक वेळा सातव्या रकान्यापासून सुरुवात केल्यामुळेच बनतात.

2019 चा डॅनियल जोन्स घ्या. न्यूयॉर्क जायंट्सनं त्याला ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) सहाव्या क्रमांकावर घेतलं होतं. पहिल्याच सामन्यात जेट्सविरुद्ध 5 पैकी 5 पास, 67 यार्ड, एक टचडाउन (चेंडू मैदानाच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं). पासर रेटिंग (पासच्या आकड्यांवरून सूत्रानं काढलेला गुणांक) 158.3, म्हणजे त्या सूत्रातून निघू शकणारा कमाल आकडा. सगळ्या प्रीसीझनमध्ये मिळून 34 पैकी 29 पास आणि 416 यार्ड. पण त्याच ऑगस्टमध्ये शिकागो बेअर्सविरुद्ध चेंडू दोनदा त्याच्या हातून सुटला होता. रेटिंगच्या सूत्रात चारच गोष्टी येतात: पास पूर्ण होण्याचं प्रमाण, दर पासमागे यार्ड, टचडाउन आणि इंटरसेप्शन (समोरच्या संघानं पकडलेला पास). फंबल (हातून सुटलेला चेंडू) त्यात नाही, सॅकही (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं) नाही. पुढे खऱ्या हंगामात जोन्सनं 24 टचडाउन पास टाकले आणि 18 फंबल केले. त्यातले 11 चेंडू समोरच्या संघाला मिळाले. ऑगस्टनं इशारा दिला होता, पण तो लोक पाहत होते त्या आकड्यात नव्हता. तुमच्या तक्त्यात तो सहाव्या रकान्यात सापडला असता: पॉकेटमध्ये (लाइनमन कडं करून राखतात त्या जागेत) उभं असताना चेंडू छातीशी आहे का, आणि त्यावर दोन्ही हात आहेत का.

आता पहिला रकाना, समोर कोण आहे. सराव शिबिरात प्रत्येक संघाकडे 90 खेळाडू असतात आणि ऑगस्टअखेर ते 53 वर आणले जातात. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरमध्ये मैदानावर असलेल्यांपैकी पुष्कळ जण काही दिवसांत संघाबाहेर जाणार असतात. तुमची पद्धत साधी आहे. सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याचा डेप्थ चार्ट (पहिल्या फळीत कोण, राखीव कोण याची यादी) काढायचा, बचावातल्या पहिल्या फळीच्या अकरा जणांचे क्रमांक कागदाच्या माथ्यावर लिहायचे, आणि प्रत्येक ड्राइव्हच्या (चेंडू आपल्याकडे असतानाच्या सलग खेळींच्या) सुरुवातीला त्यांतले किती मैदानात आहेत ते मोजून 8/11 किंवा 2/11 असं लिहायचं. खाली आपल्या बाजूच्या, क्वार्टरबॅकपुढे अडवणाऱ्या पाच लाइनमनचीही तशीच मोजणी, 4/5 किंवा 1/5. नव्या माणसाची इथे हटकून फसगत होते, कारण 90 जणांत एकच क्रमांक दोघांच्या अंगावर असू शकतो, एक आक्रमणात आणि एक बचावात. म्हणून क्रमांकाबरोबर जागाही लिहायची, ही तुमची सूचना सोन्यासारखी आहे.

हे दोन अपूर्णांक नसतील तर बाकी नोंदी वाचताच येत नाहीत. 2/11 समोर आणि 5/5 आपली लाइन असताना मिळालेले 80 यार्ड, आणि 9/11 समोर व 1/5 लाइन असताना मिळालेले 20 यार्ड, यांत दुसरे जास्त मोलाचे ठरू शकतात.

नमुना किती लहान आहे, हेही तुम्ही सतत बजावत आलात. 2021 मध्ये जेट्सच्या झॅक विल्सननं प्रीसीझनमध्ये 20 पैकी 15 पास पूर्ण केले, 191 यार्ड, दोन टचडाउन. प्रमाण 75 टक्के. एवढ्या छोट्या आकड्यात एक चेंडू म्हणजे पाच टक्के. रिसीव्हरनं दोन झेल सोडले असते तर तेच प्रमाण 65 वर आलं असतं आणि क्वार्टरबॅकच्या खेळात तसूभरही फरक पडला नसता. खऱ्या हंगामाच्या पहिल्या सामन्यात कॅरोलायनानं त्याला सहा वेळा सॅक केलं. दुसऱ्यात बिल बेलिचिक यांच्या न्यू इंग्लंडनं त्याचे चार पास पकडले, त्यातले पहिले दोन तर त्यानं टाकलेले पहिलेच दोन पास होते.

असं का होतं, याचं तुमचं स्पष्टीकरण आम्ही प्रत्येक नव्या प्रेक्षकाला सांगतो. ऑगस्टमध्ये बचाव प्रशिक्षक आपली पानं उघडत नाहीत. चार जणांचा साधा रश (क्वार्टरबॅकवर धावून जाणं), मागे कव्हर 1 किंवा कव्हर 3 (खोलवर एक किंवा तीन बचावपटू), बस्स. सराव सामन्यात फिरकी गोलंदाजानं आपला खास चेंडू झाकून ठेवावा, तसंच हे. स्नॅपआधी (क्वार्टरबॅककडे चेंडू देऊन खेळी सुरू होण्याआधी) दोन सेफ्टी, म्हणजे सगळ्यात मागचे बचावपटू, मागे दाखवायचे आणि स्नॅप होताच एकाला खाली फिरवायचं, लाइनबॅकर (मधल्या फळीतला बचावपटू) पुढे येतोय असं भासवून त्याला पासच्या वाटेत मागे सोडायचं, ही सोंगं सप्टेंबरसाठी राखलेली असतात. त्यामुळे नवख्यानं ऑगस्टमध्ये बचाव बरोबर ओळखला, तर त्याला सोपा पेपर सोडवता येतो एवढंच कळतं. अवघड पेपर अजून पुढ्यात आलेलाच नसतो. उलट साध्या बचावापुढेच तो गोंधळत असेल, तर ती नोंद गंभीरपणे घ्यावी.

दुसरा रकाना स्नॅपआधीचा. एका खेळीनंतर पुढच्या खेळीसाठी प्ले क्लॉकवर 40 सेकंद असतात, आणि हेल्मेटमधला प्रशिक्षकाचा आवाज 15 सेकंद उरले की बंद होतो. पुढचं सगळं त्या मुलाच्या डोक्यात. हडल (खेळी ठरवणारा खेळाडूंचा घोळका) किती सेकंद उरले असताना मोडला आणि चेंडू किती उरले असताना निघाला, एवढे दोन आकडे लिहायला तुम्ही सांगितलंत. स्नॅप वारंवार 2 किंवा 1 वर येत असेल तर बचावाच्या रशरला सुटण्याची वेळ साधता येते. टाइमआउट वाया जातात. डिले ऑफ गेमचा (वेळेत खेळी सुरू न केल्याचा) दंड बसतो. पाच ड्राइव्ह पाहिले की हे लक्षात येतं, आणि हा गुण प्रतिस्पर्ध्याच्या दर्जावर फारसा अवलंबून नसतो. म्हणूनच तो टिकाऊ पुरावा आहे. 2024 मध्ये वॉशिंग्टनच्या जेडन डॅनियल्सनं जेट्सविरुद्ध फक्त तीन पास टाकले, दोन पूर्ण, 45 यार्ड. सातव्या रकान्यात त्यातून काय कळणार? पण त्यातला 42 यार्डांचा पास त्यानं रेषेवर उभं राहून, बचाव पाहून, ठरलेली खेळी बदलून डायामी ब्राउनला दिला होता. दुसऱ्या रकान्यातली ती एक ओळ अख्ख्या आकडेवारीपेक्षा बोलकी होती.

तिसरा रकाना वेळेचा. फोनवरच्या स्टॉपवॉचनं स्नॅप ते हातातून चेंडू सुटेपर्यंतचा वेळ घ्यायचा, आणि तो मूळ वेगातल्या चित्रावरच; संथ रिप्लेवर घेतलेला वेळ कवडीमोल. अडीच सेकंदांच्या आसपास चेंडू जायला हवा. तीनच्या पुढे वारंवार जात असेल, तर दोष एकट्या लाइनचा नाही. चौथा रकाना नजरेचा: पहिल्याच रिसीव्हरवर डोळे खिळलेत, की डोकं दुसऱ्या-तिसऱ्याकडे वळतंय, आणि डोक्याबरोबर पायही वळतात का. डोकं फिरलं पण पाय जुन्या दिशेलाच राहिले, तर पास मागे किंवा उंच जातो. टीव्हीच्या नेहमीच्या कोनात सेफ्टी दिसत नाहीत, तेव्हा ज्या खेळीत कळलं नाही तिथे “दि. ना.”, म्हणजे दिसलं नाही, असं लिहायचं. या दोन अक्षरांबद्दल तुमचे वेगळे आभार. अंदाजानं भरलेल्या रकान्यानं सगळा तक्ता नासतो.

पाचव्यात चेंडू कुठे पोचला. स्लँटवर (रिसीव्हर तिरका आत धावतो तेव्हा) पुढच्या खांद्यापाशी, म्हणजे रिसीव्हरला पळता पळता घेता येईल असा. आउटवर (तो कडेकडे वळतो तेव्हा) बाहेरच्या बाजूला, जिथे फक्त रिसीव्हरचाच हात पोचेल. झेल झाला पण त्यासाठी रिसीव्हरला थांबून मागे वळावं लागलं, तर खूण उणे. झेल सुटला पण चेंडू जागेवर होता, तर खूण अधिक. हवेतलं अंतर वेगळं लिहायचं, कारण स्क्रीन पासवर (ब्लॉक करणाऱ्यांच्या आड दिलेल्या आखूड पासवर) 30 यार्ड मिळाले तर ते पळणाऱ्याचे आणि ब्लॉक करणाऱ्यांचे.

सहावा रकाना पॉकेटचा. त्यात सॅकबद्दल तुम्ही जे शिकवलंत ते बहुतेक प्रेक्षकांना कुणी सांगतच नाही. आधी रश करणारे मोजा, मग अडवणारे मोजा. चार आले, पाच अडवायला होते आणि दोन सेकंदांच्या आत कुणी मोकळा घुसला, तर लाइनचं चुकलं. सहा आले आणि अडवायला पाचच होते, तर त्या मोकळ्या सहाव्याचा हिशेब क्वार्टरबॅकनं ठेवायचा. चेंडू लगेच हातातून जायला हवा. तिसरा प्रकार नवख्यांचा खास आहे: घाबरून मागे मागे सरकत जाणं. टॅकल (लाइनच्या टोकाचा लाइनमन) जेव्हा कडेच्या रशरला वळसा घ्यायला लावतो, तेव्हा क्वार्टरबॅक साधारण सात ते नऊ यार्ड मागे उभा आहे असं धरूनच तो आपला कोन आखतो. तो बाराव्या यार्डावर गेला की वळसा घालून येणारा रशर थेट त्याच्यावरच पोचतो, आणि टीव्हीवर दोषी दिसतो टॅकल.

2025 मध्ये क्लीव्हलंडच्या शेडूर सँडर्सचे प्रीसीझनचे दोन सामने हा रकाना किती लागतो ते दाखवतात. पहिला, कॅरोलायनाविरुद्ध: 23 पैकी 14, 138 यार्ड, दोन टचडाउन. संघाचा तिसरा, रॅम्सविरुद्ध: 6 पैकी 3, 14 यार्ड आणि पाच सॅक. त्या दिवसाचं पासर रेटिंग 56.3 येतं, आणि त्यात पाच सॅकचा मागमूसही नाही. पहिल्या सामन्यावरून त्याला डोक्यावर घेणारे आणि तिसऱ्यावरून मोडीत काढणारे, दोघांनीही प्रत्येक सॅकपुढे रशर, ब्लॉकर, सेकंद आणि यार्ड हे चार आकडे लिहून पाहायला हवे होते.

पॉकेटमधल्या या नोंदींना ऑगस्टमध्ये इतकं महत्त्व का, हेही तुम्हीच उलगडलंत. शिबिरात क्वार्टरबॅकच्या अंगावर वेगळ्या रंगाची जर्सी असते आणि त्याला पाडायला मनाई असते. दुसऱ्या संघाबरोबरच्या संयुक्त सरावातही तेच. त्यामुळे पासची अचूकता प्रशिक्षकांना सरावात रोज दिसते, पण अंगावर माणूस येत असताना नजर मैदानावर राहते की रशरवर पडते, हे पहिल्यांदा प्रीसीझन सामन्यातच दिसतं.

तुमचा आणखी एक नियम: तीस ड्रॉपबॅक (पास टाकायला मागे सरकणं) होईपर्यंत निकाल द्यायचा नाही, आणि तीस झाल्यावरही पेन्सिलीनंच लिहायचा. 2023 मध्ये ह्यूस्टनचा सी. जे. स्ट्राउड पहिल्या प्रीसीझन सामन्यात 4 पैकी 2, 13 यार्ड, एक इंटरसेप्शन असा खेळला, रेटिंग 17.7. प्रत्येक पास मुद्दाम जमिनीवर आपटला तरी 39.6 येतं! त्याच हंगामात त्यानं 4,108 यार्ड काढले, 23 टचडाउन टाकले आणि इंटरसेप्शन फक्त 5. याउलट डॅलसचा डॅक प्रेस्कॉट, 2016, चौथ्या फेरीतला 135 वा खेळाडू: प्रीसीझनमध्ये 50 पैकी 39, पाच टचडाउन, इंटरसेप्शन शून्य. तिथे आकडे खरे ठरले, संघ 13-3 वर (13 विजय, 3 पराभव) पोचला. नुसत्या सातव्या रकान्यावरून या दोघांचं भाकीत उलटं झालं असतं किंवा योगायोगानं बरोबर आलं असतं.

जुन्या उदाहरणांशी तुलना करताना सामन्यांची संख्या पाहायची, ही तुमची सूचनाही कामी येते. 2021 पासून प्रीसीझनचे सामने तीन झाले. त्याआधी चार असायचे आणि तिसरा रंगीत तालमीसारखा, मुख्य खेळाडू बराच वेळ मैदानात. 2012 मध्ये रसेल विल्सननं कॅन्सस सिटीत 19 पैकी 13, 185 यार्ड, दोन टचडाउन असा खेळ करून सिअॅटलची पहिली जागा मिळवली, ती अशाच तिसऱ्या सामन्यात. आज तिसऱ्या सामन्यात कोण खेळेल हे संघागणिक बदलतं, म्हणून पहिल्या रकान्यातले अपूर्णांक पाहिल्याशिवाय ती तुलना करू नये.

भारतातल्या मंडळींकडून एक खास आभार. इथे न्यू जर्सीत संध्याकाळी सातला सुरू होणारा सामना तिकडे पहाटे साडेचारला असतो. त्यांनी रेकॉर्डिंग समालोचनाचा आवाज बंद करून, स्कोअर न पाहता, प्रत्येक खेळी दोनदा पाहावी, पहिल्यांदा फक्त लाइन आणि दुसऱ्यांदा फक्त क्वार्टरबॅक, हा तुमचा सल्ला इथल्या लोकांनीही उचलला आहे. एका क्वार्टरला साधारण तासभर लागतो, पण तक्त्यात “दि. ना.” कमी होतात.

जाता जाता एक विनंती. धावू शकणारे नवखे क्वार्टरबॅक आता वाढले आहेत, आणि ठरवून केलेली धाव व पॉकेट सोडून काढलेली धाव या दोन्ही सध्या आम्ही सहाव्या रकान्यातच कोंबतो. त्यांच्यासाठी आठवा रकाना हवा का, आणि हवा असेल तर तो निकालाच्या आधी कुठे बसवायचा, हे पुढच्या ऑगस्टआधी कळवाल का?

तुमचे,
तक्ता वापरणारे मराठी प्रेक्षक