२०८ मतं अन् आमचं बूथ

संपादक साहेब, नमस्कार.

२०२४ च्या विधानसभेत आमच्या साकोलीत नाना पटोले फक्त २०८ मतांनी निवडून आले, तिकडे बुलढाण्यात संजय गायकवाड ८४१ नं. २०८ म्हणजे आमच्या गावचं अर्धं बूथही नाही हो. माझा पुतण्या पुण्याहून आलाच नाही, म्हणे एका मतानं काय होते काका! २३ नोव्हेंबरला निकाल लागल्यावर त्यालेच फोन केला, चूप बसला.

पण माझं दुखणं वेगळंच आहे. मशीनमुळं बूथनिहाय आकडे बाहेर येतात, मग पानठेल्यावर हिशोब सुरू, कोणत्या मोहल्ल्यानं कोणाले दिलं, अन् इतका घासून निकाल असला की राग त्या गावावरच, रस्ता म्हणा, नाली म्हणा, धानाच्या बोनसची यादी म्हणा, सगळ्यात तेच काढतात. मत गुप्त कायचं मग? १४ मशीनची मतं एकत्र मोजाचं टोटलायझर निवडणूक आयोगानं २००८ मधेच सुचवलं होतं. काहून अडलं ते? पेपरात एकदा लिहा ना याच्यावर.

आपला,
एक धान उत्पादक, साकोली तालुका, जि. भंडारा