जे तास कुठेच नोंदले जात नाहीत, त्यांचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

काम आणि घर यांचा समतोल कसा राखावा, याविषयीचे लेख हल्ली बहुतेक वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत नियमाने येतात. पहाटे उठावे, प्राणायाम करावा, जेवताना फोन दूर ठेवावा, वरिष्ठांना नम्रपणे नकार द्यायला शिकावे, असा त्यांतील उपदेश असतो. तो चुकीचा आहे असे माझे म्हणणे नाही. परंतु समतोल बिघडल्याचा सारा दोष त्यामुळे नोकरदाराच्याच माथी येतो, आणि माणसाकडून प्रत्यक्षात किती तास काम करून घेतले जाते व ते मोजतो कोण, हा मूळ प्रश्न बाजूला राहतो. त्याकडे लक्ष वेधण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

मी पुण्यात माहिती तंत्रज्ञान क्षेत्रात नोकरी करते, म्हणून तेथलेच उदाहरण देते. सकाळी दहाच्या बैठकीने दिवस सुरू होतो आणि अमेरिकेतील क्लायंटबरोबरचा कॉल रात्री साडेआठला असतो, कारण उन्हाळ्यात तेव्हा न्यूयॉर्कमध्ये सकाळचे अकरा वाजलेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळे एक तास मागे गेली की हाच कॉल आपल्याकडे साडेनऊवर जातो आणि मार्चपर्यंत तेथेच राहतो. क्लायंट कॅलिफोर्नियातला असेल तर विचारायलाच नको. मधल्या वेळात हिंजवडीहून भूमकर चौकातील कोंडी पार करून घर गाठायचे, स्वयंपाक उरकायचा, मुलांचा अभ्यास घ्यायचा आणि पुन्हा लॅपटॉप उघडायचा. आठवडा संपताना टाइमशीट भरावी लागते. तिच्यात दिवसाला आठ किंवा नऊ तासच दाखवण्याची प्रथा अनेक ठिकाणी आहे, कारण क्लायंटला बिल तेवढ्याच तासांचे जाते. जादा तास दाखवायचे तर मॅनेजरची परवानगी लागते आणि ते दाखवले की प्रकल्पाचा खर्च वाढलेला दिसतो. साहजिकच कोणी त्या भानगडीत पडत नाही आणि कागदोपत्री सगळ्यांचाच आठवडा ४० किंवा ४५ तासांचा ठरतो. उद्या कामगार विभागाचे अधिकारी तपासणीला आले, तरी त्यांना त्या कागदांत आक्षेपार्ह असे काहीही सापडणार नाही.

वास्तविक आपल्या राज्यात कायदा नाही असे नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ याने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली, त्यापुढील कामाला दुप्पट दराने वेतन देणे बंधनकारक केले आणि सलग २४ तासांची साप्ताहिक सुट्टीही दिली. मात्र व्यवस्थापकीय, पर्यवेक्षकीय व गोपनीय स्वरूपाच्या पदांवरील व्यक्ती या तरतुदींतून वगळल्या आहेत. आमच्या क्षेत्रात चार-पाच वर्षांच्या अनुभवावर 'लीड' किंवा 'मॅनेजर' हे बिरुद मिळते. पगारात थोडी भर पडते, हाताखाली दोन मुले येतात आणि तासांचे संरक्षण काढून घेण्याची वाट मोकळी होते. घरी मात्र त्या बढतीचे पेढे वाटले जातात!

त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने दुकाने व आस्थापनांसाठी दिवसाची मर्यादा ९ वरून १० तासांवर आणि कारखान्यांसाठी ९ वरून १२ तासांवर नेण्याचा निर्णय घेतला. आठवड्याचे ४८ तास कायम आहेत, असे तेव्हा आवर्जून सांगण्यात आले आणि ते खरेही आहे. परंतु त्याच निर्णयात तिमाहीतील जादा कामाची मर्यादाही आस्थापनांसाठी १२५ वरून आणि कारखान्यांसाठी ११५ वरून १४४ तासांवर गेली, याची चर्चा फारशी झाली नाही. तिमाहीचे आठवडे तेरा. म्हणजे आठवड्याला सरासरी अकरा तास जादा काम, आणि ४८ तास धरून एकूण ५९. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये संयुक्तपणे प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ५५ किंवा त्याहून अधिक तास काम करणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका ३५ टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मृत्यू येण्याचा धोका १७ टक्क्यांनी जास्त असतो. आपण कायद्यानेच ती रेषा ओलांडण्याची मुभा दिली आहे. जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती लागेल, असे यावर उत्तर दिले जाते. पण वार्षिक मूल्यमापन ज्याच्या हाती, त्याने पुढे केलेल्या कागदावर सही न करणारा कर्मचारी मला अजून भेटायचा आहे.

कारखान्यांतील अनेक कामगारांना जादा काम हवेच असते, हे मला ठाऊक आहे, कारण मूळ पगारात घर चालत नाही. त्यांच्यापुढे समतोलाचे प्रवचन करणे क्रूरपणाचे होईल. पण म्हणूनच त्या प्रत्येक तासाची नोंद होणे आणि त्याचे दुप्पट पैसे हातात पडणे अधिक गरजेचे आहे. लक्ष्मी रस्त्यावरील कापड दुकानांत किंवा औषधांच्या दुकानांत सकाळपासून रात्रीपर्यंत उभे राहणाऱ्या मुलामुलींचीही हीच गोष्ट आहे. पुण्यातील 'एक ते चार बंद' या पाटीवर आजवर पुष्कळ विनोद झाले. त्या तीन तासांत दुकानातल्या नोकरालाही पाठ टेकता येत होती, हे मात्र कोणाच्या ध्यानात आले नाही.

कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी १८८४ मध्ये ज्या मागण्या मांडल्या, त्यांत रविवारची सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती आणि काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे, यांचा समावेश होता. १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. या मागण्या घड्याळाकडे किंवा नुसते आकाशाकडे पाहूनही तपासता येत होत्या. गिरणीत वेळेचे नियोजन शिका, असे त्यांनी कामगारांना सांगितले नाही.

स्त्रियांच्या बाबतीत हिशेब आणखी विचित्र होतो. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांची दिवसाला सरासरी २८९ मिनिटे त्यात जातात, तर असे काम करणाऱ्या पुरुषांची ८८. त्यामुळे इन्फोसिसचे सहसंस्थापक नारायण मूर्ती यांनी २०२३ मध्ये आठवड्याला ७० तासांचा आग्रह धरला आणि जानेवारी २०२५ मध्ये लार्सन अँड टुब्रो कंपनीचे अध्यक्ष एस. एन. सुब्रह्मण्यन यांचे ९० तासांविषयीचे वक्तव्य गाजले, तेव्हा माझ्या मनात पहिला प्रश्न हाच आला, की एवढे तास काम करणाऱ्याच्या डब्यातल्या पोळ्या कोण लाटणार आहे?

कामाच्या वेळेनंतर फोन किंवा ईमेलला उत्तर न देण्याचा हक्क मिळावा, यासाठी खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये आणि पुन्हा डिसेंबर २०२५ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराने आणलेले विधेयक, मांडले. ऑस्ट्रेलियात असा हक्क ऑगस्ट २०२४ पासून लागू झाला आहे. परंतु आपल्या संसदेत १९७० नंतर एकाही खासगी विधेयकाचा कायदा झालेला नाही, त्यामुळे दिल्लीकडे डोळे लावून बसण्यात अर्थ नाही. दुकाने व आस्थापना अधिनियम हा राज्याचा स्वतःचा कायदा आहे आणि त्यात दुरुस्ती विधिमंडळच करू शकते. घरून घेतलेला कॉल हा कामाचा वेळ मानावा, रात्री उशिरा काम झाले तर दुसऱ्या दिवशीची सुरुवात तेवढीच पुढे ढकलावी आणि नुसत्या पदनामावरून कोणालाही संरक्षणातून वगळू नये, एवढ्या दुरुस्त्या पुरेशा आहेत. नोंदीचे तंत्रज्ञान नाही, ही सबब तर आमच्या क्षेत्राने सांगूच नये. कर्मचाऱ्याने लॅपटॉप किती वाजता उघडला आणि किती मिनिटे माउस हलवला नाही, हे ज्या कंपन्यांना कळते, त्यांना त्याने रात्री किती वाजता काम थांबवले हेही कळतेच.

तूर्त आपल्या लोकप्रतिनिधींना एवढीच विनंती आहे, की हिंजवडी, खराडी आणि ऐरोली येथील किती कंपन्यांच्या जादा कामाच्या नोंदी गेल्या तीन वर्षांत तपासल्या गेल्या आणि त्यांपैकी किती कंपन्यांनी दुप्पट दराने वेतन दिले, याची माहिती त्यांनी येत्या अधिवेशनात कामगार मंत्र्यांकडून मागवावी.

आपली विश्वासू,
एक वाचक, चिंचवड